अल्टिमेटचा सर्वोत्तम खेळ: 'नाइट लोअर' नव्हे, 'ॲटिक ॲटॅक'

कॅसेटवाला
ऐंशीच्या दशकातल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवरच्या 'अल्टिमेट प्ले द गेम' कंपनीच्या खेळांचा विषय निघाला की पहिला नंबर 'नाइट लोअर'चा, हे जणू ठरूनच गेलंय. मला ते मान्य नाही. टिम आणि ख्रिस स्टँपर या भावांच्या कंपनीचे खेळ मी असे लावीन: ॲटिक ॲटॅक, जेटपॅक, सेबर वुल्फ, नाइट लोअर, एलियन ८.

१९८३चा ॲटिक ॲटॅक आजही खेळून बघा. किल्ला एकच, पण सरदार घड्याळातून आरपार जातो, जादूगार पुस्तकांच्या कपाटातून आणि नोकर पिंपातून. पात्र बदललं की वाटा बदलतात. ताकद किती उरली हे सांगायला कडेला भाजलेली कोंबडी आहे, ती हळूहळू संपत जाऊन हाडं दिसू लागतात. आणि सगळ्यात भारी नियम म्हणजे जवळ तीनच वस्तू ठेवता येतात. बाहेर पडायच्या चावीचे तुकडेही तीनच! त्यामुळे ते घेऊन मुख्य दाराकडे निघालात की ड्रॅक्युलाला दूर ठेवणारा क्रूस मागे सोडावाच लागतो. शेवटच्या धावेत ड्रॅक्युलापुढे निःशस्त्र. एवढ्याशा नियमातून एवढा थरार त्यांनी पुन्हा कधी उभा केला नाही.

निळीशाई
प्रचंड असहमत. नाइट लोअर चौथा?

१९८४ साली घरच्या टीव्हीवर अशी खोली कुणी पाहिली होती? ठोकळ्यावर चढायचं, त्यामागे लपायचं, आणि लपल्यावर खरंच झाकलं जायचं. स्पेक्ट्रमवर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग बसतात, म्हणून त्यांनी अख्खी खोली एकाच रंगात काढली आणि रंगांची सरमिसळ टाळली. मर्यादेवर इतका देखणा तोडगा क्वचित निघतो. शिवाय पडद्याच्या तळाशी दाखवलेल्या आकाशात चंद्र उगवला की नायकाचा लांडगा होतो. गोळा केलेली वस्तू जमिनीवर ठेवून तिच्यावरूनच उडी मारता येते, हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हाचा आनंद विसरता येत नाही. पुढचे 'बॅटमॅन' (१९८६) आणि 'हेड ओव्हर हील्स' (१९८७) याच वाटेने आले.

कॅसेटवाला
वाट दाखवली, मान्य. पण क्रमवारी खेळाची लावतोय, वारशाची नाही. खोलीत हलत्या वस्तू वाढल्या की नाइट लोअर रखडतो आणि एखादी वस्तू घेतली की अचानक वेग घेतो. उडीचा अंदाज बसवायचा कसा? जॉन रिटमनच्या 'हेड ओव्हर हील्स'ने तीच कल्पना कितीतरी सफाईने खेळवली.

निळीशाई
नंतरच्याने सुधारलं म्हणून आधीचा खाली जात नाही. आणि स्टँपर बंधूंनी स्वतःच सांगितलंय की नाइट लोअर त्यांनी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो आधी आला असता तर सेबर वुल्फ कुणी घेतला नसता. खुद्द करणाऱ्यांचं मत तुमच्या क्रमाच्या उलट आहे.

रॉकेटबाई
तुम्ही दोघेही ४८के (किलोबाइट) मेमरीवाले! जेटपॅक १६केच्या छोट्या मशीनवर चालतो, त्याचं मोल कुणी करणार की नाही? रॉकेटचे भाग एकावर एक चढवा, सहा टाक्या इंधन भरा, उडा. डाव्या कडेने बाहेर गेलात की उजवीकडून आत येता, त्यामुळे पळून जायची सोय आहे आणि अंगावर आदळायचीही. नियम एका मिनिटात कळतात. बक्षीस आधी उचलायचं की इंधन, हा प्रश्न मात्र प्रत्येक फेरीत नव्याने पडतो. पहिला नंबर याचाच.

कॅसेटवाला
रॉकेटबाई, जेटपॅक दुसरा आहे तो याचसाठी. पण त्यात शेवट नाही, फेऱ्या वाढत राहतात. ॲटिक ॲटॅकमध्ये दार उघडून बाहेर पडता येतं.

निळीशाई
मग नाइट लोअरमध्येही गोळा केलेल्या वस्तू टाकायची कढई आहे, चाळीस दिवसांची मुदत आहे, शापातून सुटका आहे. तुमच्याच कसोटीवर तो पास होतो. चौथा नंबर बदला.

रॉकेटबाई
शेवट हवा कशाला? गुण वाढवायला परत परत बसावंसं वाटतं, मला तेवढं पुरतं.