ओपन जिम: आधी यंत्रं कोणती ते ठरवू या

निधी मिळतोच आहे तर बागेत यंत्रांची संख्या दुप्पट करावी, ही सूचना मला पटली नाही. एअर वॉकर (उभं राहून पाय पुढे-मागे झुलवायचं यंत्र), ट्विस्टर (कंबर वळवायची फिरती तबकडी), हाताने फिरवायची चाकं यांनी सांधे मोकळे होतात, पण जोर कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे ताकद फारशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते आणि 65 वर्षांपुढच्यांना 3 दिवस तोल सांभाळण्याचाही. त्यासाठी वेगवेगळ्या उंचीचे बार, पायऱ्या आणि शेजारी धरायला कठडा असलेली अरुंद पट्टी हवी. यात फिरता भागच नाही, म्हणजे बिघडायलाही फारसं काही नाही.

एअर वॉकरचे पाय ज्यावर झुलतात तो यंत्राचा सांधा पावसाळ्यानंतर जवळून बघा. सील गेलं की पाणी आत शिरतं, बेअरिंग गंजतं, आधी करकर सुरू होते, मग यंत्राचा एक पाय अडखळायला लागतो. आजीआजोबा पडतात ते इथे! निविदेत ग्रीसिंग आणि सुट्या भागांचा करार असलाच पाहिजे.

आणि कृपा करून हे सगळं घसरगुंडीला खेटून नको. युरोपातलं ईएन 16630 हे मानक 1.4 मीटरपेक्षा उंच व्यक्तींसाठीच्या यंत्रांचं आहे. आपल्याकडे लहान मुलं त्यांवर झोके घेतात, बोटं चेमटतात.

सावली आणि संध्याकाळचा उजेडही बघायला हवा. निवेदन देणार असाल तर यंत्रांच्या यादीआधी जागेचा नकाशा जोडा.