नोटा आणि अनामत रक्कम

एका ताईंनी लिहिलंय की नोटाला (मतदान यंत्रावरचं सगळ्यांत शेवटचं, 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण) सगळ्यांत जास्त मतं पडली तर लोकसभेची निवडणूक रद्द होते. तसं होत नाही. उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मतं, तोच खासदार.

आमच्या इंदूरचंच बघा. 2024 मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि नोटाला 2,18,674 मतं पडली, म्हणजे थेट दुसरा क्रमांक! तरी भाजपचे शंकर लालवानी 11 लाखांहून जास्त मतांनी निवडून आलेच. सासूबाई पोहे-जिलबी खाऊन सकाळीच मतदानाला गेल्या होत्या. बोटाची शाई दाखवत म्हणाल्या, "सगळ्यांत खालचं बटण दाबलं. ते वाया गेलं का गं?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून मुद्दाम वाचून काढलं.

नोटाचं मत मोजतात, जाहीरही करतात. पण अनामत, म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत भरलेली रक्कम, जप्त होण्यापासून वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आणि त्या वैध मतांत नोटा धरत नाहीत. लोकसभेची अनामत 25,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. मला विचाराल तर नोटाला याहून जास्त वजन हवं.