सह्या पाच, डोकं एकाचं: कॉलेजातले गट-प्रकल्प मुलांना विचार करायला शिकवतात का?

दुधसागर

मुलगी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२३-२४ पासून आपल्याकडे गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम सुरू झाला, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटांची, चार वर्षांची ऑनर्स १६० ची, शिवाय आपल्या शाखेबाहेरचे विषय, कौशल्याचे विषय, इंटर्नशिप. माहितीपत्रकात दर दुसऱ्या परिच्छेदात 'चिकित्सक विचार' आणि 'सहकार्य' हे शब्द आहेत. वाचून मीही हुरळलो होतो.

मागच्या सत्रात पाच जणांचा प्रकल्प होता, विषय गावातले पाणवठे. प्रत्यक्षात झालं असं की व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघाला, त्यावर तीन आठवडे अंगठे आणि हात जोडलेली चित्रं, आणि शेवटच्या रात्री आमच्या पोरीने साडेअकरापर्यंत बसून ३८ पानं एकटीने टाइप केली. दोघांनी चॅटजीपीटीचा मजकूर जसाच्या तसा पाठवला होता. त्यात पावसाळी झऱ्यांच्या जागी वाळवंटातल्या जलसंधारणाची माहिती! सादरीकरणाला प्रत्येकाने एकेक स्लाइड वाचून दाखवली आणि पाचही जणांना २० पैकी १७ गुण पडले. तिने तक्रार केली, तर उत्तर मिळालं, ''टीममध्ये अ‍ॅडजस्ट करायला शीक.''

मी वाणिज्य शाखेचा, नव्वदच्या दशकातला. आम्हाला प्रकल्प-बिकल्प नव्हते. एक विषय नीट शिकवायचे आणि तीन तास बसवून लिहून घ्यायचे. डोक्यात काही असेल तर माणूस विचार करील ना? रिकामं भांडं ढवळून काय निघणार? या प्रकल्पांमुळे मुलं सहकार्य शिकत नाहीत, गप्प बसायला शिकतात, असं माझं मत झालंय. तुमचं काय?

मांडवीकाठी

दुधसागर भाऊ, तुमच्या मुलीवर अन्याय झाला, यात वाद नाही. पण निष्कर्ष पटला नाही. मी स्वतः एका कॉलेजात शिकवते, पंधरा वर्षं झाली. ज्या तीन तासांच्या पेपराचे गोडवे तुम्ही गाता, त्याच्या आदल्या आठवड्यात म्हापशाच्या दुकानांतून अपेक्षित प्रश्नसंच कसे संपायचे ते आठवा. भांडं तेव्हाही भरायचं नाही, फक्त झाकण घट्ट असायचं.

आमच्याकडचा एक प्रकल्प सांगते, जरा लांबेल. गट चौघांचा, विषय तिसवाडीतलं एक खाजन, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. पहिल्या दिवशी मुलं बांधावरून चालत मानशीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपर्यंत, गेली, फोटो काढले आणि दारं सताड उघडी बघून वहीत लिहून आली, 'सरकारी दुर्लक्षामुळे मानस मोडकळीस आली आहे.' विषय संपला! तिथे एक म्हातारे शेतकरी होते. ते एका मुलीला एवढंच म्हणाले, ''बाय, भरती येतकूच पळय, मागीर बरय.'' (भरती आली की बघ, मग लिही.) बाकीचे हसले. ती बरोबर आठवड्याने त्याच वेळी परत गेली. भरती-सुकतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आठवड्याने त्याच घटकेला नदी उलटी असते. पाणी चढत होतं आणि ती मोडकी वाटलेली लाकडी दारं नदीच्या दाबानेच मिटलेली होती. सुकतीला आतलं पाणी ती दारं ढकलून बाहेर जातं, भरतीला खारं पाणी आत शिरू नये म्हणून ती आपसूक बंद होतात. ना मोटर, ना राखणदार. वहीतलं पहिलं वाक्य तिने स्वतःच्या हाताने खोडलं.

खरी गंमत पुढे आहे. गटात दोन तट पडले. शेतकऱ्यांचं म्हणणं, मानशीवर मासे धरायची पावणी, म्हणजे लिलावातला हक्क, घेणारा माणूस भरतीला दारं मुद्दाम उघडी ठेवतो, मासळीबरोबर खारं पाणी शेतात येतं आणि भात जळतं. कोरगूट हे खाजनातलं भात खारटाणीला तग धरतं, पण त्यालाही मर्यादा आहे. गटातल्या दोघांनी लिहिलं, पावणी बंद करा. मग तिसऱ्याने, तो मासळीवाल्यांच्या घरचा, विचारलं की बांध दुरुस्तीचे पैसे येतात कुठून? हिशेबाची वही बघितली तर बांधाला घातलेला पैसा त्याच पावणीचा. म्हणजे जो शेतात मीठ आणतो तोच बांध उभा ठेवतो. चौघे माझ्या केबिनबाहेर पाऊण तास भांडत होते. मी दार लोटून घेतलं आणि आत चहा पीत बसले. माझ्या नोकरीतला तो सर्वात सुखाचा पाऊण तास.

हे तीन तासांच्या पेपरात कुठे बसवायचं, सांगा.

वेर्णा_शिफ्ट

ताई, गोष्ट छान आहे, पण असे गट किती? मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत क्वालिटीला आहे. दरवर्षी नवी पोरं येतात. स्लाइड झकास बनवतात, बोलतातही फाडफाड. पण तापमानाच्या नोंदीत सलग सहा तास एकच आकडा, दशांशासकट, लिहिलेला असला तरी त्यातला एकही ''सायेब, हे असं कसं?'' म्हणत नाही. सगळे मिळून सही करतात. दुधसागर म्हणतात ते हेच. सही करायची सवय कॉलेजातून येते.

तालीममास्तर

मी निवृत्त शिक्षक. सहकार्य शिकायला क्रेडिट लागतं, हे ऐकून हसू आलं. आमच्या गावच्या देवळात उत्सवाला दरवर्षी नाटक असे. महिनाभर आधी तालमी. गवंडी, पोस्टमन, पदेर (पाववाला), भाटकाराचा म्हणजे जमीनदाराचा मुलगा, सगळे एका सतरंजीवर. कोण पाठांतर विसरतो, कोण दारू पिऊन येतो, कोणाची बायको रागावलीय, सगळं धरून नाटक उभं करायचं. पालखी देवळात शिरली की पडदा वर गेलाच पाहिजे, तिथे मुदतवाढ नाही. एका वर्षी नायकाचा घसा बसला तर प्रॉम्प्टरने विंगेतून अख्खा तिसरा अंक म्हटला आणि नायकाने नुसते ओठ हलवले. प्रेक्षकांत कोणाला कळलं नाही. (कळलं असेल, पण बोलले नाहीत. तेही सहकार्यच.) कॉलेजाने शिकवायचं ते शिकवावं, बाकीचं गाव शिकवतो.

माटोळी

मास्तर, मान राखून विचारते. त्या तालमीत दिग्दर्शकाला ''हा प्रवेश चुकतोय'' असं कोण म्हणायचं? आमच्याही गावात नाटक होतं. आजीच्या वाट्याला त्यात चहाची किटली आली, आईच्या वाट्याला कपडेपट. एकमेकांना सांभाळून घेणं गावात शिकता येतं, कबूल. आपल्यापेक्षा मोठ्याला पुरावा मागणं गावात शिकता येत नाही.

मी तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. आमच्या गटात एक पेडण्याहून येतो, एक सांग्याहून. शेवटचा तास सुटला की दोघेही कदंबची बस पकडायला धावतात. भेटायचं कधी? वेळापत्रकात प्रकल्पाला तास नाही, फक्त गुण आहेत. मग काम वाटून घेतात. वाटून घेतलेलं काम म्हणजे पाच वेगवेगळे निबंध आणि एक स्टेपलरची पिन.

तालीममास्तर

किटलीचं खरं आहे, बाय. लागलं.

दुधसागर

मांडवीकाठी ताई, खाजनाचं वाचून मी स्वतः एकदा बांधावर जाऊन यायचं ठरवलंय. पण मुद्दा तिथेच आहे. तुमच्या चौघांत एक मासळीवाल्यांच्या घरचा निघाला म्हणून भांडण झालं. तो नसता तर 'पावणी बंद करा' लिहून चौघेही १७ गुण घेऊन घरी गेले असते. नशिबावर अभ्यासक्रम चालतो का? आणि साठ मुलांच्या वर्गात कोणी काय केलं, हे तुम्ही ओळखता कसं?

मांडवीकाठी

नशीब नव्हतं. गट मी पाडते, मुलांना पाडू देत नाही. मैत्रिणी-मैत्रिणींचा गट कधीच भांडत नाही, म्हणून.

ओळखण्याचं म्हणाल, तर दोन गोष्टी करते. अहवाल एकत्र, पण शेवटी प्रत्येकाचं स्वतंत्र एक पान, हाताने लिहिलेलं: गटाच्या कोणत्या निष्कर्षाशी मी सहमत नाही आणि का. 'सर्वांशी सहमत आहे' लिहिलं तर शून्य. दुसरं, प्रत्येकाची चार मिनिटं तोंडी, दुसऱ्याने लिहिलेल्या भागावर. साठ मुलांचे चार तास होतात, दोन दुपारी जातात. जास्तीचे पैसे कोणी देत नाही, म्हणून बरेच सहकारी करत नाहीत, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. तासिका तत्त्वावर राबणाऱ्याकडून त्या दोन दुपारी कोणत्या तोंडाने मागू?

वेर्णा_शिफ्ट

ते असहमतीचं पान आवडलं. आमच्या शिफ्टच्या रजिस्टरला जोडतो. साहेब मला जोडतील ते वेगळं.

दुधसागर

माझं मत निम्मं हललंय, पूर्ण नाही. ज्या कॉलेजात ते पान नाही आणि त्या दोन दुपारी नाहीत, तिथे प्रकल्प बंद करून धडा नीट शिकवलेला बरा, असं मला अजून वाटतं.

एक राहिलं. लेक आत्ता मागे उभी राहून धागा वाचत होती. म्हणाली, ''बाबा, ३८ नाही, ४१ पानं होती. आणि तुम्ही फक्त मला विचारून लिहिलंत. त्या चौघांना विचारलंत? त्यातला एक रात्री हॉटेलात कामाला असतो, त्याने मला आधीच सांगितलं होतं. मी ते सरांना सांगितलं नाही, तुम्हालाही नाही.''

रविवारी त्याला चहाला बोलावलंय.