जँगोत मराठी स्लग टाकला की ४०४

गडवेडा: किल्ल्यांची छोटी साइट करतोय जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क). लिंक मराठीतच हवीय, म्हणजे /किल्ले/राजगड/ अशी. पाथमध्ये स्लग (लिंकमधलं पानाचं नाव) ओळखणारा स्लग कन्व्हर्टर लावलाय, इंग्रजी स्पेलिंग टाकलं की पान झकास उघडतं, देवनागरी टाकलं की सरळ ४०४. मॉडेलच्या स्लगफील्डला अलाऊ युनिकोड ट्रू केलंय तरी तेच. व्ह्यूमध्ये (पान बनवणाऱ्या कोडमध्ये) प्रिंट टाकून बघितलं, रिक्वेस्ट तिथवर येतच नाहीये. काय राहिलंय?

फुकटचा_सल्ला: येणारच नाही, राउटरच (लिंक कुठल्या व्ह्यूकडे जाणार ते ठरवणारा भाग) दारातून परत पाठवतोय. पाथमधला स्लग म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे, हायफन, अंडरस्कोर, बास. अलाऊ युनिकोड मॉडेल आणि फॉर्मपुरतं, राउटरला त्याचं काही पडलेलं नाही. स्लगच्या जागी एसटीआर लाव, तो स्लॅश सोडून काहीही घेतो. फक्त मग /किल्ले/यादी/ पण तोच गिळणार, कारण जँगो वरून खाली बघत येतो आणि पहिला जुळला की थांबतो, तेव्हा यादी, शोध वगैरे ठरलेले पाथ वर ठेव.

अर्धा_कप: री-पाथ (रेजेक्स पॅटर्नने लिहिलेला पाथ) घेऊन त्यात बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'कुठलंही अक्षर' वापरलं तर नाही का चालणार? ते युनिकोड घेतं ना.

रात्रपाळी: नाही चालत हो, तिथेच तर गोची आहे. पायथनचं बॅकस्लॅश डब्ल्यू र, ज, ग, ड घेतं पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार घेत नाही, म्हणजे राजगड पहिल्याच कान्यावर अडकला. स्लगफील्ड अलाऊ युनिकोड असूनही ॲडमिनमध्ये याच कारणाने नाटकं करतं आणि स्लगिफाय (नावावरून स्लग बनवणारं फंक्शन) तर मात्रा चक्क उडवूनच टाकतं, शिवनेरीचं शवनर होतं 😀 पुणे टाका नाहीतर पाणी टाका, दोन्हीचं 'पण' असंच होतं. स्लग युनिक ठेवलं असेल तर वर एरर. @गडवेडा साधं चारफील्ड घे आणि स्लग स्वतः बनव, स्पेसच्या जागी हायफन झालं. एसटीआर फारच मोकळं वाटत असेल तर स्वतःचा कन्व्हर्टर लिही, रेजेक्समध्ये यू ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची रेंज आणि हायफन, आणि तो रजिस्टर कर.

गडवेडा: एसटीआरने चाललं राव! पण लिंक कॉपी करून ग्रुपवर टाकली तर टक्क्यांची रांगच रांग येतेय?

रात्रपाळी: ते एन्कोडिंग, चुकीचं काही नाही. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, प्रत्येक बाइट टक्का आणि दोन अक्षरं असा लिहितात, म्हणजे लिंकमध्ये ९ कॅरेक्टर, नुसत्या राजगडचे ४५ झाले. मी तर /किल्ले/12/राजगड/ असं ठेवतो, आकडा (इंग्रजीतच) इंट कन्व्हर्टरने घ्यायचा आणि शोध आकड्यावरच, नाव नुसतं दिसायला. कोणी नाव अर्धवट कापून पाठवलं तरी पान उघडतं.