मदत हवी आहे: रीळ दोघांचं सेम टू सेम, मग माझंच हळू का ओढतं?

मंडळी नमस्कार, मालाडला राहतो, गेलं वर्षभर गरवायचा (गळाने मासे पकडायचा) नाद लागलाय. आधी नुसता तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) हाताला गुंडाळून पुढे शिसं बांधून बसायचो, आता रॉड-रीळवाला झालोय त्यामुळे अडचणीपण महाग झाल्यात.

तर झालंय असं की मी आणि मित्राने एकाच दिवशी एकाच दुकानातून ३००० साईजचं स्पिनिंग रीळ घेतलं, मॉडेल तेच, गिअर रेशो तोच ५.२:१, खोक्यावर लिहिलंय हँडलच्या एका फेऱ्यात ७५ सेंमी लाईन आत येते. पण मढच्या खडकांवर शेजारी उभं राहून स्पून (चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष) टाकला की त्याचा आरामात येतो आणि मी मिक्सर फिरवल्यासारखा फिरवतोय तरी माझा मागेच. भरती चढत असेल तर विचारूच नका, पाण्याबरोबर स्पूनपण आपल्याकडेच येतो, लाईन सैल ती सैलच, मग तो खाली बसतो आणि कालवं लागलेल्या खडकात अडकतो. चार स्पून गेले महिन्याभरात.

स्पूलवर (रीळमधलं लाईन गुंडाळायचं चाक) लिहिलंय ०.३० मिमी - १८० मी. मित्राने तेच ०.३० चं नायलॉन काठापर्यंत भरलंय. मी ०.१८ ची ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली लाईन) १०० मीटर घेतली आणि थेट गुंडाळली, खाली काही नाही. स्पूल जरा रिकामं दिसतं पण म्हटलं १०० मीटर फेकतंय कोण, माझा ५० च्या पुढे जात नाही.

दुकानदार म्हणतो ६.२ वालं हायस्पीड घ्या. घेऊ का? आणि अजून एक, ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाईन सोडणारा ब्रेक) पूर्ण आवळला तरी कधी कधी लाईन सुटत जाते आणि ड्रॅगचा कर्रकर्र आवाजपण येत नाही. पीस बिघडलेला आलाय का?

खाडीकाठ:
ग्रीस सुकलं असेल. उघडून साफ कर.

अर्धवट मेकॅनिक:
नवीन रीळ उघडायला नको लावू रे त्याला, स्प्रिंग उडाली की शोधत बसेल बिचारा.

धागेवाले, आधी एक काम कर. लाईन रॉडच्या शेवटच्या रिंगमधून बाहेर काढ, रिंगपाशी मार्करने खूण कर, कुणालातरी टोक धरून लांब जायला सांग, मग लाईन ताणलेली ठेवून बरोबर १० फेरे मार आणि किती आत आली ते टेपने मोज. मित्राचं पण असंच. आकडे इथे टाक मग बोलू.

धागाकर्ता:
बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये केलं, वॉचमनला टोक धरायला दिलं, तो विचारतो साहेब इथे कुठला मासा. माझं १० फेऱ्यांत ५.५५ मीटर, मित्राचं ७.५. म्हणजे खोकं त्याच्या बाबतीत खरं बोलतंय!

अर्धवट मेकॅनिक:
तुझ्या बाबतीत पण खरंच बोलतंय, फक्त ते भरलेल्या स्पूलचं बोलतंय.

५.२:१ म्हणजे हँडल एकदा फिरलं की रोटर (लाईन गुंडाळणारा फिरता भाग) स्पूलभोवती ५.२ वेळा फिरतो. प्रत्येक वेळी एक वेढा बसतो, आणि वेढा केवढा ते स्पूलवर त्या क्षणी लाईनची जाडी किती साठलीय त्यावर. साठलेल्या लाईनसकट स्पूलचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले ५.२, बस. मित्राचं ७५ सेंमी म्हणजे व्यास ४६ मिमी. तुझं ५५.५ म्हणजे ३४. तुझी लाईन स्पूलच्या तळाशी बसलीय, वेढेच छोटे पडतायत. गिअरचा काही दोष नाही.

आता हायस्पीडचं बघ. ६.२ घेऊन त्यावर हीच १०० मीटर अशीच गुंडाळलीस तर ३४ गुणिले ३.१४ गुणिले ६.२, साधारण ६६ सेंमी. पैसे घालूनपण मित्राच्या मागेच. दुकानदाराला विकायचंय, त्याचं चुकलं असं नाही म्हणणार, पण त्याने स्पूलकडे एकदा बघायला हवं होतं.

आणि "१०० मीटर फेकतंय कोण" इथेच गंमत आहे. तू ५० मीटर फेकलास की स्पूलवर होती तीपण अर्धी गेली, व्यास अजून उतरून ३२ वर, म्हणजे सुरुवातीचे फेरे ५२ सेंमीचेच. नेमकं लांब असताना, सैल लाईन पटकन गोळा करायची असते तेव्हाच तू सगळ्यात हळू. ५० मीटर आणायला तुला नव्वदच्या वर फेरे, मित्राला सत्तर. तीच तुझी ब्रेडेड भरलेल्या स्पूलवर वरच्या थरात असती तर ५० मीटर गेल्यावर व्यास जेमतेम दीड मिमी उतरला असता, कारण वरचे वेढे मोठे, एकेका थरात लाईन जास्त मावते.

भाईंदरकर काका:
ड्रॅगचं मी सांगतो. बाळा तुझा ड्रॅग ठणठणीत आहे. ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर थेट गुंडाळली की पकड धरत नाही, अख्खा गठ्ठाच स्पूलवर गोल फिरतो, स्पूल जागेवर, म्हणून आवाज नाही. मोठा जिताडा लागला असता ना, तर कळलं असतं. खाली नायलॉनचं बॅकिंग (तळाला भरायची लाईन) घाल, त्यानेच दोन्ही दुखणी जातील.

धागाकर्ता:
काका धन्यवाद 🙏 पण बॅकिंग किती मीटर घालू? अंदाजाने भरलं आणि ब्रेडेड मावलीच नाही तर?

अर्धवट मेकॅनिक:
जाडीचा वर्ग कर. ०.१८ चा वर्ग गुणिले १००, भागिले ०.३० चा वर्ग, आलं ३६. म्हणजे तुझी १०० मीटर ब्रेडेड ०.३० च्या ३६ मीटर नायलॉनएवढीच जागा खाते, स्पूलचा पाचवा हिस्सा. १८० वजा ३६, १४४. तू १४० घाल. ब्रेडेडच्या पाकिटावरची जाडी नेहमी खरी नसते, म्हणून थोडं हातचं राखून.

भाईंदरकर काका:
गणित नको असेल तर मित्राचं स्पूल एक दिवस रिकामं करून घे. त्यावर आधी ब्रेडेड, तिला गाठ मारून वर नायलॉन, काठाच्या दोन मिमी खाली येईपर्यंत. मग सगळं उलटं तुझ्या स्पूलवर घ्यायचं, दोनदा गुंडाळावं लागतं पण बरोबर बसतं. गाठ डबल युनी, दोन लाईनी जोडायची. गुंडाळताना ओल्या फडक्यात लाईन धरून ताण दे, सैल भरलीस तर फेकताना वेढे एकात एक रुततील. आणि हावरटपणा करून काठोकाठ भरू नकोस, ब्रेडेड भसकन सुटते आणि गुंता सोडवण्यात भरती निघून जाते.

धागाकर्ता:
अपडेट. मित्र स्पूल द्यायला तयार नाही झाला म्हणून गणितानेच १४० मीटर भरलं. १० फेऱ्यांत ७.३ मीटर! रविवारी मढला गेलो, भरतीतपण लाईन ताणलेली राहते, एकही स्पून गेला नाही. फेकपण लांब जातोय असं वाटतंय.

फक्त ड्रॅग अचानक ढिला पडल्यासारखा झालाय, आणि हँडल फिरवायला किंचित जड.

अर्धवट मेकॅनिक:
दोन्ही त्याच व्यासामुळे. वेढा मोठा झाला की त्याच सेटिंगला लाईन कमी जोरात सुटते, आणि एका फेऱ्यात जास्त ओढतोयस म्हणून हाताला जड. ताणकाट्याला लाईन अडकवून ड्रॅग नव्याने लाव. लागलं काय?

धागाकर्ता:
एक शिंगाळा. मित्राला काहीच नाही 😄