आमदारांनी 20 लाख दिले, फलक लागला, रपटा होईना. जायचं कुणाकडे?

संत्र्याचा_पोट्टा (सोमवार, रात्री 10:48)
घाई आहे, लवकर सांगा. आमच्या नाल्यावरचा रपटा (ठेंगणा पूल) ऑगस्टात वाहून गेला. आमदार आले, उभे राहून पाहिलं, फोटो निघाले. 20 लाख मंजूर झाले, फलकही लागला. तेव्हापासून घमेलंभर गिट्टी पडली नाही. इकडे अंबिया बहाराचा संत्रा तोडणीला आला. व्यापारी म्हणून राहिला, गाडी नाल्याच्या अलीकडेच थांबेल, क्रेट तुम्ही इकडे आणून द्या, नाहीतर टनामागे तीन हजार कमी. आता अधिवेशनाले सगळं सरकार नागपुरातच येऊन राहिलं. तर भेटायचं कुणाले? आमदार, कलेक्टर का डायरेक्ट मंत्री? तेवढंच सांगा.

तर्री_पोहे (सोमवार, रात्री 10:55)
कोणता तालुका भाऊ?

माहितीहक्क (सोमवार, रात्री 11:02)
कुणालाही भेटू नका. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर प्रथम अपील. मी आजवर एकतीस अर्ज टाकले आहेत.

संत्र्याचा_पोट्टा (सोमवार, रात्री 11:06)
30 दिवसांत संत्रा गळून जाते साहेब.
तालुका लिहीत नाही, गावातले लोक इथे वाचतात. संत्र्याच्या पट्ट्यातला आहे एवढं समजा.

जुना_शाखा_अभियंता (सोमवार, रात्री 11:20)
मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात नोकरी केली आहे. तुमच्या प्रश्नात कामाचं काहीच लिहिलेलं नाही. 20 लाख कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारच्या कोणत्या खर्च-खात्यातून? आमदारांचा स्थानिक विकास निधी, ग्रामविकासाचं 2515, रस्ते-पुलांचं 3054, जिल्हा वार्षिक योजना, की पुरवणी मागणीतलं (अधिवेशनात मंजूर होणाऱ्या जादा खर्चातलं) काम? या प्रत्येकाचं दार वेगळं आहे. आणि तुमच्याकडे कागद कोणता आहे? शिफारस पत्र, प्रशासकीय मान्यता की कार्यारंभ आदेश?

संत्र्याचा_पोट्टा (सोमवार, रात्री 11:31)
आमदारांच्या लेटरहेडवरचं पत्र आहे. त्यावर मंत्र्याची सही पण आहे.

सिव्हिललाइन्सकर (सोमवार, रात्री 11:40)
सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचा. "तपासून सादर करावे" असं असेल तर तो नुसता शेरा आहे. असे शेरे दिवसाला शेकड्याने पडतात. आमदार निवासाच्या खाली झेरॉक्सवाल्याकडे अर्धा तास बसा, सगळं कळेल.

संत्र्याचा_पोट्टा (सोमवार, रात्री 11:44)
तेच लिहिलं आहे 😐
पण फलक कसा काय लागला मग?

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, सकाळी 7:15)
फलकाले काय लागते बावा, दोन बल्ल्या अन् एक फ्लेक्स. आमच्याकडे एका रस्त्याचं भूमिपूजन तीनदा झालं. नारळं फुटले, रस्ता नाही.

विदर्भवीर (मंगळवार, सकाळी 7:50)
मूळ दुखणं वेगळं आहे. 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार झाला, त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाची हमी दिली होती. 1984 ला दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, मोजून दाखवला. 1994 ला वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. वेगळं राज्य झाल्याशिवाय एकही रपटा होणार नाही.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर (मंगळवार, सकाळी 8:30)
वेगळं राज्य झालं तरी आमदार हेच राहणार ना? का तेही नवीन आणणार?

विदर्भवीर (मंगळवार, सकाळी 8:34)
पुण्यात बसून विदर्भावर बोलणं सोपं असतं.

पुण्यात_अडकलेला_नागपूरकर (मंगळवार, सकाळी 8:36)
नोकरी दे नागपुरात, उद्याच्या गाडीने येतो.

धागाराखण (मंगळवार, सकाळी 9:00)
वेगळ्या विदर्भाचा धागा आधीच आहे, चारशेच्या वर प्रतिसाद झालेत. तिकडे जा. इथे रपटा.

गल्लीतला_गणित्या (मंगळवार, सकाळी 9:25)
सगळे आमदारांवर घसरले, पण हिशेब कुणी केला का? आमदार निधी 2020 पर्यंत वर्षाला 2 कोटी होता, मग 3, मग 4, आणि 2022 च्या अर्थसंकल्पापासून 5 कोटी. ग्रामीण मतदारसंघात दोनशे गावं धरली तर गावामागे अडीच लाख. तेवढ्यात एक सभामंडप नाहीतर स्मशानभूमीचं शेड, संपला निधी. म्हणून गावाकडच्या आमदाराचं खरं काम या 5 कोटींच्या बाहेरचं असतं. ग्रामविकास खात्याकडून 2515 मध्ये कामं घालून घेणे, जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांच्या मागे लागणे, पुरवणी मागण्यांत रस्ता बसवणे. पैसा वरून ओढून आणणारा आणि फक्त आपला कोटा वाटणारा, यांत फरक असतो.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, सकाळी 9:41)
ओढून आणते तो, पण सगळा आपल्या कंत्राटदाराच्या अंगणात.

व्यायामशाळा_समर्थक (मंगळवार, सकाळी 10:10)
आमदार निधीतून खुल्या व्यायामशाळेचं साहित्य मिळतं. आमच्या कॉलनीत बसवलं. अर्जाचा नमुना हवा असल्यास सांगा.

संत्र्याचा_पोट्टा (मंगळवार, सकाळी 10:12)
व्यायाम चालूच आहे, क्रेट डोक्यावर घेऊन नाला ओलांडून राहिलो.

जुना_शाखा_अभियंता (मंगळवार, दुपारी 1:05)
पुन्हा विचारतो. फलकावर काय लिहिलं आहे? शब्दशः द्या. कामाचं नाव, लेखाशीर्ष, किंमत. फोटो टाकू नका, गावाचं नाव दिसेल.

संत्र्याचा_पोट्टा (मंगळवार, दुपारी 4:50)
गावात जाऊन लिहून आणलं: "मौजा (आमचं गाव) येथे सिमेंट काँक्रीट रस्ता बांधकाम करणे. लेखाशीर्ष 2515. अं. किं. 20.00 लक्ष." वर मोठे फोटो. रपट्यापाशीच लावला आहे म्हणून आम्हाले वाटलं त्याचाच आहे.

जुना_शाखा_अभियंता (मंगळवार, संध्याकाळी 5:15)
आता प्रश्न कळला. 2515 मध्ये ग्रामविकास विभाग शासन निर्णय काढतो आणि त्याला यादी जोडलेली असते. जिल्हा, तालुका, कामाचं नाव, रक्कम. त्या यादीतलं नाव म्हणजे दगडावरची रेघ. "सिमेंट रस्ता" लिहिलं असेल तर त्या पैशाने रपटा बांधता येत नाही. बांधला तर देयक अडकतं आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो. त्या शासन निर्णयाची तारीख बघा. शासनाच्या संकेतस्थळावर ग्रामविकास विभाग निवडून शोधा.

संत्र्याचा_पोट्टा (मंगळवार, रात्री 8:20)
सापडला. जुलैचा आहे.

सिव्हिललाइन्सकर (मंगळवार, रात्री 8:24)
आणि रपटा वाहिला ऑगस्टात. न वाहिलेल्या रपट्याले जुलैत पैसे कोण देईल? तुमचे 20 लाख गल्लीतल्या रस्त्याचे आहेत भाऊ. पाहणीला आले तेव्हा कुणीतरी म्हणालं असेल "गावाला 20 लाख दिले", आणि तुम्ही ते नाल्यावर नेऊन टाकले.

संत्र्याचा_पोट्टा (मंगळवार, रात्री 8:31)
म्हणजे रपट्यासाठी रुपया पण नाही?? पण साहेबांनी तर नाल्यावर उभं राहून सांगितलं.

गल्लीतला_गणित्या (मंगळवार, रात्री 8:40)
शब्द काय होते? "मंजूर केले" की "करून देतो"?

संत्र्याचा_पोट्टा (मंगळवार, रात्री 8:52)
माईक चालू नव्हता नीट.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, रात्री 8:53)
😂😂

लक्षवेधी (मंगळवार, रात्री 9:10)
आमदारांना सभागृहात तारांकित प्रश्न टाकायला लावा, मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं. नाहीतर औचित्याचा मुद्दा. खातं हलतं.

सिव्हिललाइन्सकर (मंगळवार, रात्री 9:22)
तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावे लागतात, ती वेळ गेली. आणि उत्तर मला पाठ आहे. "रपटा वाहून गेला आहे, हे खरे आहे काय?" "हे अंशतः खरे आहे." आता रपटा अंशतः कसा वाहतो ते खात्यालाच माहीत.

शुद्धिपत्रक_काका (मंगळवार, रात्री 9:40)
अभियंता साहेबांना पुस्ती जोडतो. कामाचं नाव बदलता येतं. आमदारांनी "सदर कामाऐवजी हे काम घ्यावे" असं पत्र ग्रामविकास विभागाला द्यायचं, विभाग शुद्धिपत्रक काढतो. आमच्या गावात समाजमंदिराची संरक्षक भिंत बदलून नाली केली होती. मात्र मूळ कामाची निविदा निघालेली नसावी, कार्यारंभ आदेश तर अजिबातच नाही. अधिवेशनात विभागाचा लवाजमा नागपुरात असतो, मुंबईची खेप वाचते.

जुना_शाखा_अभियंता (मंगळवार, रात्री 10:05)
काका, सल्ला चुकीचा नाही पण त्यात गोम आहे. ज्यांच्या दारासमोरून सिमेंट रस्ता जाणार होता ते गप्प बसतील का? ग्रामसभेत मारामाऱ्या होतील. त्यापेक्षा रपट्याचं स्वतंत्र काम मागा. नवीन अंदाजपत्रक, नवीन शिफारस.

शुद्धिपत्रक_काका (मंगळवार, रात्री 10:11)
नवीन काम मागितलं तर पुढच्या पावसाळ्यात बांधाल. हातात आहे ते वळवा.

जुना_शाखा_अभियंता (मंगळवार, रात्री 10:18)
वळवायला तीन महिने लागतातच. दोन्हीकडे उशीरच आहे, मग भांडण कशाला विकत घ्यायचं?

संत्र्याचा_पोट्टा (मंगळवार, रात्री 10:30)
सरपंचाचं घर त्याच गल्लीत आहे. विषय संपला, वळवत नाही.

शुद्धिपत्रक_काका (मंगळवार, रात्री 10:32)
हे आधी सांगायला काय झालं होतं!

जुना_शाखा_अभियंता (बुधवार, सकाळी 6:50)
मग ऐका. पहिली गोष्ट, रस्त्याला क्रमांक आहे का? ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेचा. प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. क्रमांकच नसेल तर ती पांदण, म्हणजे शेतात जायची वाट. पांदणीला 3054 लागत नाही. मातोश्री पाणंद रस्ते योजना 2021 ला आली, पण ती रोजगार हमीशी जोडलेली होती.
दुसरी, ऑगस्टात तलाठ्याने पंचनामा केला का? उपविभागाच्या पूरहानी यादीत रपटा गेला का? गेला असेल तर अर्धी लढाई झाली.

संत्र्याचा_पोट्टा (बुधवार, सकाळी 9:15)
ग्रामीण मार्ग आहे, क्रमांक मिळाला. पंचनामा पिकाचा झाला. रपट्याचा नाही.

जुना_शाखा_अभियंता (बुधवार, सकाळी 9:30)
सगळीकडे हेच होतं. माणूस संत्र्याची नुकसानभरपाई लिहून घेतो आणि रस्ता विसरतो. आता ग्रामपंचायतीचा ठराव, वाहून गेलेल्या रपट्याचे फोटो आणि रस्त्याचा क्रमांक घेऊन उपअभियंत्याकडे जा. मंत्र्याकडे नव्हे, उपअभियंत्याकडे. कनिष्ठ अभियंत्याला जागेवर आणून अंदाजपत्रक करून घ्या. मग आमदारांकडे जा आणि त्याच शब्दांत, त्याच रकमेत शिफारस मागा. आमदार निधीतून मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावर प्रशासकीय मान्यता मिळते, तोच जवळचा रस्ता. आमदाराच्या हातात चेकबुक नसतं, त्याच्या हातात फक्त शिफारस असते. ती आयती टाईप करून न्या.

माहितीहक्क (बुधवार, सकाळी 9:44)
आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्ज.

गल्लीतला_गणित्या (बुधवार, सकाळी 10:02)
तोडणीपुरतं काय? वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग अबंधित असतो, म्हणजे ठरावीक कामालाच बांधलेला नसतो, त्यातून ग्रामपंचायत पाईप टाकू शकते. आराखड्यात काम असावं लागतं मात्र.

संत्र्याचा_पोट्टा (बुधवार, दुपारी 12:20)
आराखड्यात हायमास्टचा उंच दिवा आहे.

वऱ्हाडी_ठेचा (बुधवार, दुपारी 12:26)
चांगलंच आहे. रपटा नाही हे रात्री पण दिसलं पाहिजे.

संत्र्याचा_पोट्टा (पुढचा मंगळवार, रात्री 9:35)
अपडेट. उपअभियंत्याकडे गेलो. दोनदा नव्हते, तिसऱ्यांदा भेटले. कनिष्ठ अभियंता मोटारसायकलवर येऊन टेप लावून गेला. रपट्याचं अंदाजपत्रक साडेअकरा लाख निघालं. आमदारांच्या पीएने पत्र घेतलं, म्हणाला बाकीचे नुसतंच "काहीतरी द्या" म्हणत येतात, तुम्ही रस्त्याचा क्रमांक घेऊन आले. साहेबांनी शिफारशीवर सही केली, पत्र नियोजन शाखेत गेलं, आवक क्रमांक घेतला. मान्यता कधी ते माहीत नाही.
आम्ही नऊ बागाईतदारांनी वर्गणी करून चार जुने ह्यूम पाईप अन् सहा ट्रॉली मुरूम टाकला. पहिली पिकअप आज नागपूरच्या कळमना मार्केटले गेली. व्यापाऱ्याने तरी टनामागे हजार कापलेच, म्हणे पाईप हलते.
फलक तिथून काढून गल्लीच्या तोंडाशी लावून द्या म्हटलं तर सरपंच नाही म्हणते, तिथे कुणाले दिसत नाही म्हणे.

जुना_शाखा_अभियंता (पुढचा मंगळवार, रात्री 9:50)
आवक क्रमांक जपा. दर पंधरा दिवसांनी नियोजन शाखेत तोच सांगायचा. पाईपांच्या दोन्ही तोंडांना दगड रचा, नाहीतर मुरूम धुतला जाईल.

तर्री_पोहे (पुढचा मंगळवार, रात्री 10:14)
अधिवेशन पाहायचं आहे, प्रेक्षक गॅलरीचा पास कुणाकडे मिळतो? कुणाची ओळख आहे का?