‘ओन्लीओनर’ पुरेसे आहे, की भूमिका वेगळ्या कराव्यात?

प्रश्न:
इथेरियम या ब्लॉकचेनवरील एका टोकनसाठी सॉलिडिटी या भाषेत स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम) लिहीत आहे. टोकन मिंट करणे (नवी टोकन तयार करणे), व्यवहार थांबवणे आणि कॉन्ट्रॅक्ट अपग्रेड करणे ही तिन्ही कामे सध्या ‘ओन्लीओनर’ मॉडिफायरखाली (फक्त मालकालाच फंक्शन चालवू देणारी अट), म्हणजे एकाच खात्याच्या हाती आहेत. ओपनझेपेलिन या तयार कोडसंग्रहातले ‘अ‍ॅक्सेसकंट्रोल’ घेऊन तिन्हींसाठी स्वतंत्र भूमिका नेमल्यास सुरक्षितता खरोखर वाढते, की केवळ कोड लांबतो?

उत्तर 1:
वाढते, पण भूमिका वाटण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, यावर सारे अवलंबून आहे. वेगळे काही ठरवले नसेल, तर ‘डिफॉल्ट अ‍ॅडमिन रोल’ हीच सर्व भूमिकांची, आणि स्वतःचीही, प्रशासक असते. ती ज्याच्याकडे असेल, तो मिंट करण्याची भूमिका हवी तेव्हा स्वतःला देऊ शकतो. तीन भूमिका करून हे पद त्याच जुन्या खात्याकडे ठेवले, तर नुसता कोडच लांबला असे समजा. ते मल्टिसिगकडे (अनेकांच्या सह्यांनीच चालणाऱ्या खात्याकडे) सोपवावे आणि अपग्रेडला टाइमलॉक (अंमलापूर्वीची सक्तीची मुदत) लावावा, म्हणजे बदल लागू होण्यापूर्वी वापरकर्त्यांना तो पाहता येईल. व्यवहार थांबवण्याचा अधिकार मात्र टाइमलॉकबाहेरच हवा. चोरी चालू असताना मुदत संपण्याची वाट पाहता येत नाही.

उत्तर 2:
मल्टिसिगमध्ये सह्या किती यापेक्षा त्या कोणाकोणाच्या, हे आधी पाहावे. मार्च 2022 मध्ये रोनिन ब्रिज (दोन ब्लॉकचेनमध्ये पैसे हलवणारी सेवा) लुटला गेला, तेव्हा तिथे पैसे काढायला नऊपैकी पाच सह्या आवश्यक होत्या. सही करण्याच्या चार चाव्या स्काय मेव्हिस या एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी सही अ‍ॅक्सी डीएओ या सामूहिक संस्थेची होती, पण तिच्या वतीने सही करण्याची जी तात्पुरती परवानगी कंपनीला मिळाली होती, ती काम संपल्यावरही रद्द झालेली नव्हती. म्हणून ही एक कंपनी फोडताच पाचही सह्या चोरांच्या हाती लागल्या आणि 1,73,600 ईथर (इथेरियमचे चलन) गेले. दिलेली भूमिका ‘रिव्होकरोल’ने केव्हा आणि कोणी काढायची, हे देतानाच लिहून ठेवावे.

उत्तर 3:
अपग्रेडचा विषय निघाला आहे, म्हणून पॅरिटी या वॉलेट-सॉफ्टवेअरचे उदाहरण देतो. नोव्हेंबर 2017 मध्ये पॅरिटीच्या मल्टिसिग वॉलेटांचा सामाईक लायब्ररी कॉन्ट्रॅक्ट (सर्व वॉलेटे ज्याचा कोड वापरत तो) इनिशियलाइझ न करताच, म्हणजे मालक न नेमताच, राहिला होता. कोणीतरी ‘इनिटवॉलेट’ चालवून त्याची मालकी घेतली, मग तो कॉन्ट्रॅक्टच नष्ट केला, आणि पाच लाखांहून अधिक ईथर कायमचे अडकले. गंमत अशी, की नष्ट करणाऱ्या फंक्शनवर मालकाची तपासणी होती आणि तिने आपले काम चोख केले. म्हणून प्रॉक्सीमागच्या (अपग्रेडसाठी पुढे ठेवलेल्या दर्शनी कॉन्ट्रॅक्टमागच्या) मूळ कॉन्ट्रॅक्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (तैनात करताना एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये) ‘डिसेबल इनिशियलायझर्स’ न विसरता बोलवावे आणि परक्या खात्यावरून ‘इनिशियलाइझ’ चालवून पाहणारी चाचणी जरूर लिहावी.